हळदीला पेन ड्राइव्ह

८ जानेवारी
भावोजींचा हेमंत माइक, लॅपटॉप, तारांचं भेंडोळं घेऊन आला. साउंडचा धंदा आहे त्याचा. बहिणीच्या, प्राचीच्या, हळदीचे धवले, आमची लग्नातली गाणी, रेकॉर्ड करायचे म्हणाला. बारकीबाई नि सुगंधालाही बोलावलं. मी ओळ म्हणायची, त्या दोघींनी उचलायची, इतकी वर्षं हेच. मी माइकपुढे, त्या मागे दाराजवळ. पंखा बंद, तिघी घामाने निथळलो. हेमंत "काकी, मस्त जाला" म्हणत पळाला, चहासुद्धा घेतला नाही.
कशाला हवं, ते विचारलंच नाही. आठवण म्हणून असेल.

११ जानेवारी
आठवण कसली! भावोजींचा फोन. "वैनी, हलदीला पाहुन्यासारख्या येऊन बसा. गाना पेन ड्राइव्हवं लावू. तुमाला तरास नको."
त्रास! बोनकोड्यात एवढ्या हळदी केल्या, कधी बोलले का त्रास होतो म्हणून? माझाच आवाज वाजणार आणि मी खुर्चीत आइस्क्रीम खाणार. शेतं गेली, भावोजी बिल्डर झाले, बरं झालं. पण धवले काही भूसंपादनात गेले नव्हते.
हेमंतला फोन केला. "काकी, आता सगला डिजिटल हाय. तुला नाय कलनार."
बघतेच.

१५ जाने.
महिला मंडळाच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. शिंदे मॅडम शिकवतात, साताऱ्याकडच्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. एका पोरीने विचारलं, "आजी, नातीला सोडायला आलात?" म्हटलं, नाही गं, तुझ्या शेजारी बसायला.
मॅडमनी कॉम्प्युटरचा डबा उघडून दाखवला. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम चाललंय तोवर पसारा, वीज गेली की साफ. हार्ड डिस्क म्हणजे माळा. (मॅडमनी वेगळं सांगितलं, हे माझं.) मॉडेम म्हणजे तारेतून येतं ते कॉम्प्युटरला समजेल असं करून देणारा, दोन व्याह्यांच्या मधे बसणारा माणूस असतो तसा. माउस अजून हातातून पळतो.

१९ जाने.
आज आवाज. आवाज आत सलग राहत नाही म्हणे, सेकंदाला हजारो नमुने घेतात. तो सॅम्पल रेट. सगळं जसंच्या तसं ठेवलं की वेव्ह फाइल, जड असते. कानाला कळणार नाही ते टाकलं की एमपीथ्री, हलकी.
विचारलं, कानाला कळणार नाही हे कोण ठरवतं? मॅडम हसल्या. "काकू, ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं."
म्हणजे त्याचा कान. मला धवले शिकवणाऱ्या माझ्या सासूचा नाही.

२२ जाने.
हेमंतने फाइल पाठवली. "ऐक, एकदम क्लीन."
बारकीबाई नाही. सुगंधा नाही. मी एक ओळ म्हणते, मग काहीच नाही, मग पुन्हा मीच. रिकाम्या घरात बडबडणाऱ्या बाईसारखी. पुन्हा ऐकली. फोन गादीवर आपटला. रडू आलं, रागाचं.

२३ जाने.
मॅडमनी पडद्यावर आवाजाचं चित्र दाखवलं. माझ्या ओळीला डोंगर, मग सपाट रेघ, मग डोंगर. "नॉइज गेट लावलंय काकू. ठरवलेल्या पातळीच्या खालचा आवाज आला की दार बंद." त्या दोघी माइकपासून लांब, म्हणून कचरा. रस्त्यावरची रिक्षा आणि बारकीबाई एकाच पिशवीत.
मूळ वेव्ह फाइल असेल तर परत येईल म्हणाल्या. हेमंतला विचारलं. डिलीट केली, जागा नव्हती. "पन काकी, कोनाला कलतंय?"

२४ जाने.
बारकीबाईला ऐकवली. किती वेळ फोन कानाला धरून बसली. "मी नवती काय गो तवा?"
मग म्हणाली, जाव दे, पोर हाय.
नाही जाऊ देणार.

३० जाने.
भावोजींकडे गेले. सोफ्यावर बसलेच नाही. उभ्यानेच सांगितलं, माझा आवाज मला न विचारता वाजवायचा नाही.
"घरान कसली वो परवानगी, वैनी?"
घरात, म्हणूनच तर.
हेमंत म्हणाला, तिघींना तीन माइक देतो, तीन ट्रॅक करू, टेन्शन नको घेऊ. मोह झाला, खोटं कशाला लिहू. बारकीबाई थकली, तिचा गळा कुठेतरी राहील. पण एकदा नीट करून दिलं की कोपरखैरण्याच्या सगळ्या हळदी त्याच पेन ड्राइव्हवर, आणि आम्ही तिघी खुर्चीत. नाही म्हटलं. भावोजी दारापर्यंतही आले नाहीत.

६ फेब्रु.
रेकॉर्ड केलं. आमच्यासाठी. क्लासमध्ये मॅडमनी माइक मधोमध ठेवला, आम्ही भोवती बसलो. पंखा चालूच ठेवा म्हटलं. बारकीबाईला मधेच खोकला आला, तोही राहू दिला. वेव्ह फाइल. पेन ड्राइव्ह माझ्या बटव्यात, हेमंतला वासही लागू देणार नाही. सुगंधा ऐकताना सारखी "हां, ही मी, ही मी" करत होती.

११ फेब्रु.
हळद उद्या. दुपारी प्राची एकटी आली, नारळ घेऊन. "काकी, ती फाइल मना नको. तू ये."
बाबा काय म्हणतात?
"बाबा पेन ड्राइव्हच लागल बोलतान. दादानी टेस्टिंग पन केली."
नारळ घेतला. येते म्हटलं, तिघी येतो. बोलून बसले, आणि संध्याकाळी मांडव पाहिला तर चारी खांबांना स्पीकर, माझ्याएवढे उंच. त्यातून माझाच आवाज सुटला तर माझ्या गळ्याचं काय चालणार? बारकीबाईकडे गेले, तिथे सुगंधा होतीच. दोघींना सांगितलं, आपला आवाज पोचायचा नाही.
सुगंधा शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लावूदे त्याला. त्या फायलीन जागा मोकली हाय ना? तितं आमी दोगी गाऊ."
बारकीबाई तेव्हापासून मिठाच्या गुळण्या करतेय.