आपल्याच जाळीतला गोल

आबा,

परवा जावई जेवायला आले होते. भिंतीवरचा आमच्या फुटबॉल टीमचा फोटो बघून म्हणाले, "पप्पा, तुम्ही किती गोल मारले असतील हो?" मी म्हटलं, "एक. तोही आपल्याच जाळीत." ते हसत सुटले, त्यांना वाटलं सासरा गंमत करतोय. तुमची सून आत पोळ्या लाटता लाटता खोकली. अख्खी जवानी मी बॅकला खेळलो, समोरून येणाऱ्याला गोल करू द्यायचा नाही एवढंच माझं काम होतं, आणि अजूनही घरात येणारा प्रत्येक माणूस मला तुमचाच प्रश्न विचारतो. तुम्ही गेलात, प्रश्न काही जात नाही. म्हणून लिहायला बसलोय. आधीच सांगून ठेवतो, माफी मागायला बसलेलो नाही.

गुजरातेत, उधन्यात राहायचो आपण तेव्हा. रुळांपलीकडच्या मैदानात मी अनवाणी खेळायचो आणि तुम्ही मला शोधत यायचात, धोतराचा सोगा हातात धरून. तुम्ही धुळ्याकडून लूमच्या खात्यात, मागांच्या त्या शेडमध्ये, कारीगर म्हणून आलेले, मीही लूमवरच उभा राहावं हे तुम्ही ठरवून टाकलेलं. राहिलो की थोडे दिवस! पण एका प्रोसेसिंग मिलच्या टीमला उंच बॅक हवा होता. त्यांनी मला उचललं, फोल्डिंगला लावलं. दिवसभर साड्यांच्या घड्या, संध्याकाळी प्रॅक्टिस. नोकरी खेळावरच होती. टीममधून काढलं की घड्याही गेल्या, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी मी रविवारी मॅच खेळून ताटावर बसलो की तुमचं सुरू. "गोल मारा का रे?" मी मान हलवून नाही म्हणायचो. "मंग काय नुसता उभा राहीसन येस?" आई म्हणायची, जेवू तर द्या त्याला. आबा, राग याचा येतो की हे तुम्हाला कळायला हवं होतं. शेठ तुमच्या लूमपाशी कधी यायचा? कापडात डॅमेज निघालं की. सुताची तार तुटायच्या आत तुम्ही बोटानं धरली, वेळेवर धोट्यातली कांडी बदलली, तेव्हा कुणी पाठ थोपटली तुमची? ते कुणाला दिसतच नाही. माझंही तेच होतं.

आणि ती सेमीफायनल. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षीची. मॅच बरोबरीत होती, संपत आली होती. डावीकडून बॉल आला, खाली, जोरात. माझ्या मागे त्यांचा फॉरवर्ड मोकळा उभा. मी पाय घातला, बॉल पायाला लागून आमच्याच जाळीत. माइकवरचा माणूस माझा नंबर घेऊन ओरडला. तुमच्या शेजारच्या लूमवरचा तुमचा दोस्त मॅच बघत होता, त्याची दुसरी पाळी लागायची होती, तो तसाच धावत तुमच्या खात्यात आला. आता खात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, तिथं सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी. चहा आला, शेठ आला, तार तुटली, घरून निरोप आहे, सगळ्याला खूण. त्यानं कमरेएवढा हात धरून दाखवलं, तुझा पोरगा. पाय झाडून दाखवला. दोन्ही हात वर केले, गोल. पण "आपल्याच जाळीत" याला खूण कुठून आणायची? तो बिचारा हात उलटासुलटा फिरवत राहिला आणि तुम्ही समजलात, पोरानं कोलांटी मारून गोल केला! चालू लूम बंद केलेत तुम्ही, आबा. आजारपणातही कधी न केलेले. पेढे आणवलेत. अख्ख्या खात्यात वाटलेत. दोस्त तोंडात पेढा धरून गप्प बसला, तोंड भरल्यावर कोण बोलतो?

मी हरून येत होतो, घरी जायच्या आधी तुम्हालाच तोंड दाखवून मोकळं व्हावं म्हणून खात्याकडे वळलो. तुम्ही दारातच. माझ्या तोंडात पेढा कोंबलात आणि सगळ्यांकडे वळून, हात वर करून, ओठांनी म्हणालात, "मना पोऱ्यानी गोल मारा!" दोस्ताची खूण बरोबर कळलेले आतले दोघेतिघे खाली बघायला लागले. मी तुम्हाला हाताला धरून बाहेर आणलं, जिथं ऐकू येतं तिथं. म्हटलं, आबा, आपल्याच गोलमध्ये गेला. आपण हरलो. तुम्ही माझ्या बुटांकडे बघितलंत. "तुनाच पायघाई गया ना?" हो म्हटलं, माझ्याच पायानं. "मंग खा," म्हणालात आणि आत गेलात.

तिथंच थांबला असतात तर! पण दुसऱ्या दिवसापासून सारा उधना मला पेढेवाला म्हणू लागला, तुम्हालाही कुणीतरी नळावर डिवचलं, आणि रात्री तुम्ही ताट सरकवून म्हणालात, "बस व्हयनं आते. लूमवर ये." मिलच्या मॅनेजरनंही आराम कर म्हणून सांगितलंच होतं. मी तुम्हाला नाही म्हटलं. पहिल्यांदाच. सकाळी मॅनेजरपुढे उभा राहिलो. म्हटलं, साहेब, पाय घातला नसता तर मागच्या फॉरवर्डनं गोल केलाच असता. उद्या तसाच बॉल आला तर मी परत पाय घालणार, सांगून ठेवतो. बेंचवर बसवायचं तर बसवा. "दिमाग तो जो आनो," म्हणाला तो गुजरातीत, याचा तोरा तर बघ म्हणून, पण ठेवलं मला. पुढे कॅप्टन केलं. गुडघा जाईपर्यंत खेळलो मी, आबा, आणि ती जागा कुणी मला फुकट दिली नाही. परत जन्म मिळाला तर परत बॅकलाच खेळेन. तुम्हाला आवडो न आवडो.

त्यानंतर मॅच झाली की मी मुद्दाम खात्यावरून घरी यायचो. तुम्ही लांबूनच हात वर करून विचारायचात, गोल? मी पंजा छातीसमोर आडवा धरायचो. अडवला. ही खूण माझी मीच केली होती. तुम्ही बघायचात आणि लूमकडे वळायचात, कळलं का नाही ते देव जाणे. मी तरी दर खेपेला पंजा धरतच राहिलो.

मग डिंडोलीचं घर. तुमचे कान लूमनं पुरते नेले होते. टीव्हीवर वर्ल्ड कप चालला होता, तुम्ही गादीवर पडून बघत होतात. कुठल्याशा देशाच्या बॅकनं रेषेवरून बॉल काढला. लोक ओरडत होते ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं. तुम्ही मान वळवून मला शोधलंत आणि पंजा छातीसमोर आडवा धरलात. हसला नाहीत. मीही हसलो नाही. फार उशीर केलात, आबा. त्या दिवशी मी जे म्हणायला हवं होतं ते, तुमच्या कानांना ऐकू आलं नसतं म्हणून राहिलं.

जावयांना पुढल्या खेपेला नीट सांगणार आहे, किती अडवले ते विचारा म्हणून. हे कागद टाकायचे कुठं, घडी करून बुटांच्या खोक्यात ठेवतोय. घडी घालण्यात माझा हात कुणी धरत नाही. एवढंच कबूल करतो. तो पेढा मातीसारखा लागला असं मी सगळ्यांना सांगत आलोय. गोड होता, आबा. तुम्ही "मंग खा" म्हणालात तेव्हा अजून एक हवा होता.