सहाशे बंट्यांची रबरं

१२ एप्रिल
मशीन नेलं! ह्यांचा तेरावा परवाच झाला, आणि आज मंगतूने हातगाडी आणून बंटा, म्हणजे गोटीसोडा, भरायचं मशीन उचललं. सख्खा दीर! "भाभी, गॅसचं काम बाईमाणसाला झेपायचं नाही. तुम्ही घरी बसून रबरं बसवा." बारा वर्षं ते चाक मीच फिरवत होते, तेव्हा बरं झेपत होतं! पहाडगंजात प्रत्येक गाडीवर आमचाच लिंबाचा बंटा असायचा. ह्यांच्यामागे मला तेवढाच आधार होता. बघून घेईन.

३ मे
मंगतूचे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट येतात, जातात. बाटलीच्या गळ्यात मी रबर बसवते, त्याला गोटी घट्ट बसली की गॅस कोंडतो. झिजलेली रबरं फेकायची असतात. मी तुपाच्या डब्यात साठवतेय.

१५ मे
रविवारी गल्लीतल्या चौधरींच्या मुलीचं लग्न. मंगतूकडून सहाशे बाटल्या! वरात दारात आली की सगळ्या बंट्यांच्या गोट्या एकदम आत ठोकून मोठा बार काढायचा. मंगतू गल्लीभर सांगत सुटलाय— "अख्खी दिल्ली हादरेल!"
हादरू दे.

१७ मे
सहाशेच्या सहाशे रबरं बसवली. सगळी जुनी! भरताना गोटी नीट बसते, मग दोन दिवसांत गॅस हळूहळू निघून जातो. बोटं सोलली. पण जिवाला इतकं गार कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

२० मे
समोरच्या गच्चीवरून पाहिलं. वरात आली, पोरांनी बंटे ठोकले— फुस्स! एकही वाजला नाही. नवरदेवाचा मामा ओरडला, "चौधरी, बंटा पाजताय की नळाचं पाणी?" मंगतूचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी ओढणीत तोंड खुपसून हसले. घरी येऊन गुळाचा मोठा खडा खाल्ला.

२४ मे
मंगतूने मशीन आणून टाकलं. "घ्या, भाभी. माझी बाटली कुणी घेत नाही आता." तो गेल्यावर दार लावून नाचावंसं वाटलं!

२६ मे
नवी रबरं घालून चाळीस बाटल्या भरल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक हरफूल, त्याच्या गाडीवर घेऊन गेले. त्याने हातही लावला नाही.
"चाची, मंगतूला कोण विचारत होतं? रबरं तुमच्या हातची, म्हणून तर त्याचा माल घ्यायचो. आता त्या हाताचाच भरवसा उरला नाही."