पाइपांच्या दुकानाची आणि त्यातल्या जुन्या सर्व्हरची व्यवस्था

मी, बंडूजी तानबाजी साटोणे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाइप, मोटरपंप व त्यांच्या सुट्या भागांचा व्यापार, राहणार वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. प्रकृती वयाच्या मानाने ठणठणीत आहे. बुद्धी शाबूत आहे. याबाबत पत्नीचे मत वेगळे असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागात केले होते, म्हणून रद्द करतो. राग कशाचा होता, ते पुढे दुकानाच्या कलमात येईल.

कलम पहिले, घर. वर्ध्यातले राहते घर माझे व धाकटा भाऊ ओमप्रकाश यांचे सामाईक आहे. माझा अर्धा हिस्सा पत्नी प्रमिलाबाई हिने तिच्या हयातीत वापरावा, तिच्यानंतर तो मुलगा योगेंद्र याचा. अट एकच: आंगणात भिंत घालू नये. एकदा भिंतीसाठी विटा आल्या होत्या. त्यांचा पुढे ओटा बांधला, आणि आता दोन्ही घरच्या बायका त्यावर पापड वाळवतात.

कलम दुसरे, शेत. पवनारचे धाम नदीकाठचे वावर संपूर्णपणे योगेंद्रचे. तो दुकानात बसला की जांभया देतो आणि वावरात उतरला की गाणी म्हणतो. दुकान त्याला का देत नाही, असे कोणी विचारले तर त्याचेच शब्द सांगावेत: "बाबा, मले वावर द्या, अन् दुकानातून सोडवा."

कलम तिसरे, दुकान. 'साटोणे बंधू' या दुकानातला माझा अर्धा हिस्सा, मालासकट, नावासकट, मी पुतणी मयुरी ओमप्रकाश साटोणे हिला देतो. तिचे लग्न ठरले आहे, सासर सिंदी मेघेला आहे. लग्नानंतर आडनाव बदलले तरी मालकी बदलणार नाही. नात्यातले काही लोक भुवया उंचावतील, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

सन १९९८ मध्ये ओमप्रकाशने दुकानात कंप्युटर आणले. दोन लहान गल्ल्यावर, आणि एक मोठा, मागच्या खोलीत. त्या मोठ्याला सर्व्हर म्हणतात. सगळ्या मालाच्या नोंदी, सगळी बिले त्याच्या पोटात राहतात आणि गल्ल्यावरचे दोघे त्याला विचारून काम करतात. मी विरोध केला होता. पण पहिल्या हंगामातच बिले झरझर निघू लागली आणि मी गप्प बसलो. ओमप्रकाशला तर त्या मशीनचे लेकरासारखे कौतुक. सकाळी दुकान उघडले की आधी देवाला अगरबत्ती, मग सर्व्हरला.

पुढे मशीन जुने झाले. २००४ च्या पेरणीच्या तोंडावर ते असे काही अडखळू लागले की एका बिलाला गिऱ्हाईक अर्धा चहा पिऊन घेई. नागपूरहून दुरुस्तीवाले गृहस्थ आले. ते मागच्या खोलीत खुर्चीवर बसले, काही बटणे दाबली आणि म्हणाले, "प्रोसेसर तर रिकामा बसला आहे. बोजा काहीच नाही." खरोखरच ते बसले होते तोवर बिले पाण्यासारखी वाहत होती. ते बसस्टँडवर पोचले नसतील, तोच मशीन पुन्हा अडले. दुसऱ्यांदा आले, मेमरी बदलली. तिसऱ्यांदा आले, मशीनच्या पंख्यात जवळच्या जिनिंग कारखान्याचा कापूस उडून बसला होता तो काढला, व्हायरस मारायचा प्रोग्राम नवा टाकला. प्रत्येक वेळी ते समोर असले की मशीन शहाणे आणि गेले की पुन्हा तेच. जाम गावचे आमचे एक जुने गिऱ्हाईक गल्ल्याशी उभे राहून म्हणाले, "डॉक्टरले पाहून पोट दुखाचं थांबते ना, तसं हाय हे."

हसण्यावारी गेले असते तर बरे. पण पेरणीच्या दिवसांत माणूस थांबत नाही. आमच्या डोळ्यांदेखत गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाऊ लागले. मी ओमप्रकाशला म्हणालो, "तूच गोदामाचा सारा माल त्याच्यात कोंबला. कंबर मोडली त्याची." तो म्हणाला, "भाऊ, मशीन म्हातारं झालं. नवं घ्या म्हटलं तं तुमी आयकत नाई." शेजारचे रूपराव, ज्यांचे स्टोव्ह दुरुस्तीचे दुकान आहे, रोज आमच्या बाकावर बसून त्याची बाजू मला आणि माझी बाजू त्याला तिखटमीठ लावून सांगत. बोलता बोलता गोष्ट मशीनवरून वडिलांच्या काळातल्या मानापानावर गेली. जेवणे वेगळी झाली. आंगणात विटा येऊन पडल्या. त्याच आठवड्यात मी ते पहिले मृत्युपत्र केले आणि ज्याला जांभया येतात त्या योगेंद्रच्या नावाने दुकान लिहिले.

मयुरी तेव्हा कॉमर्स शिकत होती आणि कंप्युटरचा क्लास करत होती. बापाशी आणि माझ्याशी सारखेच बोलणारी घरात ती एकटीच उरली होती. एका दुपारी ती गल्ल्यावर आली आणि मला विचारले, "मोठे बाबा, हे कव्हा कव्हा अडते?"

"नेहमीच अडते."

"नाई. तो नागपूरवाला बसला का अडत नाई. बाबा सकाळी पुसतात तव्हा अडत नाई." मग तिने प्रमिलाबाईंना बोलावून मागच्या खोलीत सर्व्हरसमोर बसवले. "मोठी आई, मी सांगितलं का माऊस हलवजा. मी सांगितलं का सोडून देजा."

प्रमिलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या उंदराला हात लावला. मयुरी गल्ल्यावर बिल करायला बसली. मी एका बाजूला आणि ओमप्रकाश दुसऱ्या बाजूला, एकमेकांकडे न बघता उभे. "हलवा," मयुरी ओरडली. बिल सटकन निघाले. "हलवतच राहा." दुसरे निघाले, तिसरे निघाले. "आता सोडा." थोडा वेळ ठीक चालले, आणि मग पडद्यावरचे आकडे चिखलात चाक रुतावे तसे रुतले.

"मोठी आई, आता तिथं काय दिसून राह्यलं?"

आतून आवाज आला, "काई नाई वं. ते पाइप टाकून राह्यलं."

मयुरी उठली आणि आम्ही दोघे तिच्यामागे आत गेलो. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर रंगीत पाइप धावत होते. उभे, आडवे, कोपऱ्यात वळणारे, सांध्यावर गोळा असलेले. हे चित्र उद्घाटनाच्या दिवशी ओमप्रकाशनेच लावले होते. पाइपांचे दुकान, म्हणून मशीनला हात नसला की त्याने आपोआप पाइपलाइन टाकावी. खेड्यावरची माणसे मुद्दाम आत येऊन बघत. आम्हाला ते इतके सवयीचे झाले होते की भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे; कोणाची नजर त्यावर थांबत नव्हती.

मयुरीने समजावून सांगितले. असे चित्र काढायला वेगळा भाग लागतो, तो या मशीनला नाही. त्यामुळे ते सगळी ताकद पाइप काढण्यात घालते आणि बिलाला ताकद उरत नाही. गोदामाचा माल वाढल्यावर तर श्वास घ्यायलाही जागा राहिली नाही. कोणी माऊसला हात लावला की चित्र थांबते आणि मशीन मोकळे होते. म्हणून दुरुस्तीवाल्यांना ते कायम रिकामेच दिसले. तिने चित्र बंद केले, पडदा काळा ठेवला. बाहेर बिले वाहू लागली.

ओमप्रकाशने काळ्या पडद्यावरून फडके फिरवले. मला वाटले, आता हा रडतो. तो वळून म्हणाला, "भाऊ, आपण तिकडे पाइप विकून राह्यलो, अन् हा इथं फुकटात टाकून राह्यला!"

मला इतके हसू आले की मी गोदामातल्या पाइपांच्या गठ्ठ्यावर बसलो. तोही येऊन बसला. गिऱ्हाईक गल्ल्याशी हाका मारत होते आणि आम्ही दोघे म्हातारे डोळे पुसत होतो. त्या दिवशी दोन्ही घरचा स्वयंपाक एका चुलीवर झाला. प्रमिलाबाईंनी जेवताना एवढेच विचारले, "विटांचं काय करता?"

दुकान आणि भाऊ, दोन्ही मला मयुरीने परत मिळवून दिले. शिकून झाल्यावर ती गल्ल्यावर बसली आणि आज माझ्यापेक्षा चांगला धंदा करते. म्हणून माझा हिस्सा तिचा. ओमप्रकाशचा अर्धा हिस्सा त्याचाच आहे. त्याने मयुरीला बाप म्हणून कितीही रागवावे, भागीदार म्हणून मात्र विचारून वागावे.

कलम चौथे, सर्व्हर. यंदा नवे मशीन घेतले. जुने मी ओमप्रकाशला देतो. आता त्याच्यावर कसलेही काम नाही. त्याने ते आपल्या खोलीत ठेवावे आणि दिवसभर हवे तेवढे पाइप टाकू द्यावेत.

कलम पाचवे. रूपराव यांना दुकानाबाहेरचा बाक. इतकी वर्षे त्यावर बसून त्यांनी जे केले ते त्यांना माहीत आहे. बाक त्यांनी आपल्या दुकानासमोर नेऊन ठेवावा. त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष न घातलेली बरी. रूपरावांनी विचार करून बाक पसंत केला.

कलम सहावे. पाइपाला आटे पाडायचे यंत्र, नट आवळायचे पाने आणि माझी जुनी कातडी पिशवी फिटर प्रेमदास यांना. त्यांनी जोडलेला सांधा मी कधी गळताना पाहिला नाही.

कलम सातवे. तेरवीला भाषणे नकोत. वडाभात करावा, कढी भरपूर ठेवावी, दोन्ही घरांची पंगत एकच बसवावी. हंगाम असेल तर दुकान उघडे ठेवावे. शेतकऱ्याची मोटर माझ्यासाठी थांबून राहणार नाही.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी योगेंद्र व मयुरी यांनी मिळून करावी.

हा मजकूर पूर्ण झाल्यावर मी तो प्रमिलाबाईंना वाचून दाखवला. घर ऐकले, शेत ऐकले, दुकान ऐकले. मग म्हणाल्या, "अन् मीच अगोदर गेली तं?"

मी वकिलांकडे बघितले. ते म्हणाले, तसे कलम घालता येते, काय लिहू सांगा. मी पुष्कळ विचार केला. मला काही सुचले नाही. सबब त्या प्रसंगासाठी माझ्याकडे कोणतीही व्यवस्था नाही, हे येथे नमूद करतो.

त्या म्हणाल्या, "मंग मीच तुमच्या मांगून येतो. करा सही, चहा थंडा होऊन राह्यला."

वाचून, समजून, चहा थंड होण्यापूर्वी सही केली.

बंडूजी तानबाजी साटोणे

आमच्या समक्ष सही झाली व आम्ही त्यांच्या समक्ष सही केली:
१. हेमराज अण्णाजी देवतळे, राहणार वर्धा
२. धनंजय जयवंतराव उमाटे, राहणार पवनार

स्थळ: वर्धा
दिनांक: १४ नोव्हेंबर २००७