काय मागून बसले मी!

मंगळवार, ४ नोव्हेंबर. नांदेड

झालं. मुलगी झाली. अकराशे ग्रॅम! आठवा महिना नुकता लागलेला.

सकाळी अंजूला अहमदपुरात घरीच झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली. गाडीत घालून इथं आणलं, रस्ताभर लेकीचं डोकं माझ्या मांडीवर. डॉक्टर म्हणले, "बीपी फार वाढलंय. आई आणि बाळ, दोघांचंही अवघड आहे." जावयानं, वीरेशनं, सही केली. घाईत चुकीच्या जागी केली, दुसरा कागद आणावा लागला.

अंजू अजून शुद्धीवर नाही. बाळ काचेच्या पेटीत. मला दोघींनाही बघू दिलं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अंजूनं डोळे उघडले! "आई" म्हणली. नर्स म्हणती, आता धोका कमी हाय.

बाळाचं मात्र खरं नाही म्हणतात.

लिहूनच टाकते. कुणाला सांगायची सोय नाही. काल ऑपरेशनच्या दारापाशी मी गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि मागितलं, "महादेवा, पोटातलं ते ने. माझी अंजू ठेव."

असंच म्हणले. शब्दन् शब्द असाच. आणि आज अंजू उठली. म्हणजे ऐकलं ना त्यानं!

वीस वर्षं झाली, दर सोमवारी मठात बायकांना मार्कंडेयाची कथा सांगते. सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेलं लेकरू, यम फास घेऊन दारात, आणि पोरानं पिंडीला मिठी मारली. मारली ती सोडलीच नाही. यमाला रिकामं जावं लागलं. दर वेळी शेवटी मी हात जोडून सांगते, "बायांनो, मनापासून मागा. तो ऐकतोच."

आणि त्या दारापाशी मागितलं त्याच्याइतकं मनापासून मी जन्मात काही मागितलेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज दोनदा बाळाचा श्वास थांबला. नर्सनं तळपायाला टिचकी मारली तेव्हा सुरू झाला. माझ्यामुळं होऊन राहिलं हे सगळं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळपासून जप. "चुकले, माघारी घेते, दोघी ठेव." पण हे काय मनापासून आहे? हे तर भ्यालेल्या बाईचं बोलणं! तो काय एवढा भोळा आहे?

सगळ्या कथा आठवून पाहिल्या. मागितलेलं माघारी घ्यायची सोय एकाही कथेत नाही. भस्मासुराला वर दिला, तर खुद्द शंकराला तो परत घेता आला नाही, जीव घेऊन पळत सुटावं लागलं! ही कथा सांगताना बायका पोट धरून हसतात. मीही हसायची, बावळट!

ह्यांचा फोन आला दुकानातून. "मठातल्या पारूबाई विचारून राहिल्यात, सोमवारी कथा हाय का न्हाई?" म्हणलं, सांगा त्यांना, घसा बसलाय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नर्स आहे एक, प्रियदर्शनी. कंधारची. कडक पोरगी, पण हात मऊ. आज म्हणली, "आजी, बाळाला उघड्या छातीशी धरायचं असतं, कातडीला कातडी. ऊब मिळती, श्वास लयीत येतो. आई उठू शकत न्हाई, बापाला सर्दी झालीय. तुम्हीच धरा. गळ्यातलं सगळं काढून या."

मंगळसूत्र काढलं. मग ती लिंगाच्या डबीकडं बघत राहिली.

"हे निघत न्हाई, बाई," मी म्हणले.

"का?"

का म्हणजे! जन्मल्या जन्मल्या स्वामींनी बांधलेलं. अठ्ठावन्न वर्षांत कधी अंगावेगळं केलं नाही. आंघोळीत नाही, बाळंतपणात नाही. माझी आई सांगायची, लिंग गेलं की आपण मेल्यातच जमा. आणि आत्ता काढू? आत्ताच तर एक बोलणं माघारी घ्यायची भीक मागून राहिले त्याच्याकडं!

"उद्या बघू" म्हणून बाहेर आले. प्रियदर्शनी पुढच्या पेटीकडं वळली. रागावली असती तर बरं झालं असतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

पुन्हा श्वास थांबला. तीनदा.

सोमवार, १० नोव्हेंबर

काढलं.

वीरेशला म्हणलं, डाव्या हातावर धरा, खाली ठेवायचं नाही, खिशात घालायचं नाही. हा माणूस स्वतःचं लिंग सणासुदीलाच बांधतो. पण काचेतून मला दिसत होता. तोंडाला मास्क, तळहात पुढं केलेला, तासभर तसाच उभा. मोबाईल वाजून वाजून बंद पडला.

आणि ती माझ्या छातीवर. गं बाई, केवढीशी! बेडकासारखे पाय दुमडलेले, नाकात नळी. गळा इतका हलका लागत होता की सारखा हात तिकडं जात होता. वाटलं, आता मी कुणाच्याच हिशेबात नाही. काही मागितलं नाही. मागायची भीतीच बसलीय! नुसतं म्हणत राहिले, "हाय गं, आजी हाय. हाय गं."

तासाभरात श्वास एकदाही थांबला नाही. प्रियदर्शनी म्हणली, "उद्या दोन तास."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रोज दोन वेळा. वीरेशचा हात दुखतो, पण सांगत नाही. नळी काढली. वजन थोडं वाढलं. मला मात्र धीर येत नाही. दिलेलं तो कधी वसूल करील काय सांगावं?

शनिवार, १५ नोव्हेंबर

अंजूला साध्या वॉर्डात आणलं. वेणी घालून दिली. म्हणली, "आई, तू माझ्याकडं नीट बघत का न्हाईस?" म्हणलं, जागरणानं डोळे चुरचुरतात. लेकराचं वजन वाढलं म्हणून सांगावं तर तोंड उतरतं तिचं. बाळंतिणीचं मन, म्हणून मी सोडून दिलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज अंजूनं लेकीला पहिल्यांदा छातीशी घेतलं आणि हमसून हमसून रडायला लागली. मी घाबरले. तर म्हणती, "आई, रागावू नको. त्या दिवशी आत नेताना मला जरा शुद्ध आली होती. मी महादेवाला म्हणलं, मला ने, लेकरू ठेव. तूच सांगतीस ना, मनापासून मागितलं की तो ऐकतोच? आता ही वाढून राहिली, आन् मला रोज वाटतं, आज माझी बारी."

मग मी माझं सांगितलं.

अंजू बघतच राहिली. मग टाक्यांवर हात दाबून जी हसत सुटली! मीही.

एकच दार, एकच घटका. मायलेकींनी एकमेकीच्या उलटं मागितलं, दोघींनीही अगदी मनापासून. त्यानं एकीचंही ऐकलं नाही!