तीन शिफ्टचा ज्ञानकोश

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प. ऑनलाइन ज्ञानकोशात भिलाईच्या मराठी लोकांवर मी पान सुरू केलंच आहे. वाचणारे पुष्कळ, लिहिणारा मी एकटा. महिन्याभरात वीस स्वयंसेवक तयार करणार. स्टील प्लांटमध्ये छत्तीस वर्षं माणसं सांभाळली, वीस म्हणजे काहीच नाही. रजिस्टर आखलं. ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट. नियम प्लांटचाच: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

५ जानेवारी
पावर हाउसच्या बाजारात पत्रकं वाटली. ‘वाचता, तर लिहाही!’ लोकांनी हसून घेतली. रिस्पॉन्स उत्तम.

११ जानेवारी
मराठी मंडळाची मीटिंग. मंडळातल्या केवलरामने माझ्याच पत्रकांवर चिवडा वाटला. म्हणे, पुंडलिकभाऊ, आमाले वाचाले टाइम नाही, लिवू कवा? मनातून तयार आहे. त्याला बी शिफ्ट दिली.

१४ जानेवारी
केवलराम गैरहजर. त्याची शिफ्ट मीच केली. पासवर्ड आठवत नाही, पण लॉगिन न करताही लिहिता येतं. सोय चांगली आहे.

१९ जानेवारी
यश! पानाच्या इतिहासात तीन नवे स्वयंसेवक! नाव लावत नाहीत, नुसते आकडे. बुजरे असतील. काय लिहिलं ते तपासलं नाही. नव्या माणसाच्या मानेवर बसू नये. तिघांनाही निरोप टाकला, सव्वीस तारखेला जुनवानीला घरी चहाला या.

२५ जानेवारी
चांगले कप काढून धुतले. बायको सत्यभामा गेली तेव्हापासून कपाटातच होते. तिला माणसं आलेली आवडायची.

२६ जानेवारी, संध्याकाळ
कोणी आलं नाही. सुट्टी आहे, गावी गेले असतील.
नूतनचा पुण्याहून फोन. मुलीला ऐटीत पान उघडायला लावलं. ती म्हणाली, पापा, लॉगिन न करता लिहिलं की नावाच्या जागी आकडे येतात. नेट बंद-चालू झालं की बदलतात. ते तिघं तुम्हीच आहात. मी म्हटलं, मले माहीत आहे, तुझी परीक्षा घेऊन राहिलो होतो. मग ती एकदम हिंदीत, पापा, खाना खाया न? हो म्हटलं.
खाल्लं नव्हतं.

२७ जानेवारी, सकाळी ६
कप परत कपाटात. फार एकटं वाटलं. रजिस्टरमध्ये तिन्ही शिफ्टला सही केली.
रिलीव्हर आलेला नाही. जागा सोडता येत नाही.