पाच कपड्यांचं कफन

मी आलिमा रहीम शेख, आधार कार्डावर मुबीन रहीम शेख, वय अठ्ठावन्न, धंदा लेडीज टेलरिंग, राहणार देवळाली गाव, नाशिक रोड, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नाही, माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने समुपदेशक सायलीताई गायधनी यांना विचारावं, दर गुरुवारी मी त्यांच्याकडेच बसते.

१. आमच्या कायद्याप्रमाणे एकतृतीयांशाहून जास्त मला मर्जीने देता येत नाही. तेवढ्यात माझं भागतं. शिलाई मशिनं, पिकोचं मशीन आणि कात्र्या दुकानात काम करणाऱ्या दिशाला. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, दिशा. शंभरदा सांगून झालंय.

२. खोली आणि बँकेतली शिल्लक भाऊ जमील व बहीण नूरबानो यांना कायद्याने जाईल, ती जावो. अम्मी गेली तेव्हा जमीलने मला बायकांत बसू दिलं नाही आणि पुरुषांत मी गेले नाही. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या बाकड्यावर बसून राहिले. रडू आलं नाही. त्यानंतर कशाचंच काही वाटेना, म्हणून सायलीताईंकडे जायला लागले.

३. त्यांनी नाव विचारलं, मी आलिमा म्हटलं, त्यांनी तेच लिहून घेतलं. पुढे एक प्रश्न नाही. बोलता येईना तर हातांनी करा म्हणाल्या, रंग आणि माती समोर ठेवली. ते मला जमेना. मग म्हणाल्या, जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचं शिवलंत, आता स्वतःसाठी काही करा. पुढच्या गुरुवारी मी कफन कापून नेलं. बाईंचा चेहरा उतरला, हेल्पलाइनचा नंबर शोधायला लागल्या.

"मरायचं नाही हो ताई मला. मेल्यावर पुरुष म्हणून गुंडाळू नये, एवढंच बघतेय."

आमच्यात पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. ओढणी आणि छातीवरची पट्टी जास्तीची. माझं पाचाचं आहे, कपाटात वरच्या खणात. त्याला टाका घालायचा नसतो, फक्त कापायचं. घडी मोडू नये.

४. हे कलम मुख्य. गुस्ल, म्हणजे दफनाआधीची अंघोळ, मला बायकांनी घालावी. पुरुषांनी घातली तर वरचं सगळं फुकट. मागच्या ईदला नूरबानोला हे सांगितलं. ती शीरखुर्मा ढवळत राहिली, मग म्हणाली, जमीलभाईंना काय सांगू? मी पुन्हा विचारलं नाही. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. सायलीताई म्हणतात, ते आत कुठेतरी असेल. असेल. नूरबानो नसेल तर कोण, हे मला माहीत नाही. आज तिला साक्षीला बोलावलं आहे. येते का बघू.

सही: आलिमा रहीम शेख
नाशिक रोड, १६ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. ललिता काशिनाथ ढिकले, शेजारीण. सही.
२. नूरबानो सलीम पठाण, आलिमाची बहीण. सही. गुस्ल मी देईन. जमीलभाईंचं मी बघते.