पाणी वाचवणारं झबलं

४ मार्च

तारीख घातलीस? मग लिही — मालकाचं वाटोळं होवो! नात हसते. हसू नकोस, तुझ्याच पोरीसाठी चाललंय हे. मला अक्षरं येत नाहीत, शिव्या येतात. लिहायचं काम हिचं.

पणतीच्या अंगावर पुरळ. गळ्यापासून कमरेपर्यंत — अगदी झबल्याच्या मापाचं! हातपाय स्वच्छ. झबल्यांचा अख्खा गठ्ठा फुकट मिळालेला, कारण लेबलावर माझा फोटो. बोळकं पसरून हसतेय. मालकाच्या कारखान्यात मी धागे कापत म्हातारी झाले, म्हणून तो म्हणाला, "आजी, तुमच्या चेहऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो." बसला की! पहिल्यांदा माझ्याच घरातल्यांचा बसला.

५ मार्च

डॉक्टरीण म्हणाली, कपड्यात काहीतरी राहिलंय. नातीने लेबल वाचून दाखवलं — 'कमी पाण्यात तयार. न धुता घाला, तेवढं पाणी वाचवा.'

नळावर कारखान्याच्या धुलाई खात्यातला माणूस भेटला. पाणी वाचवता तरी कसं रे? म्हणाला, "रंगवल्यावरची शेवटची धुलाईच बंद केली, आजी."

वा! उद्यापासून मीही भांडी विसळत नाही. माझाही सत्कार करा!

७ मार्च

मालकाकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं?" तो म्हणे, "लहान मुलांना उन्हाळ्यात येतंच, आजी. चहा घ्या."

चहा घेतला नाही. कपबशा तरी विसळतात की नाही, कोण जाणे.

८ मार्च

त्याचं वाटोळं होवो. आज एवढंच.

११ मार्च

सुचलं! रविवारी बाहेरचे खरेदीदार येणार. मला पुढच्या खुर्चीत बसवून मिरवणार. मालकाची सून तान्ह्या बाळाला घेऊन येणार. मी सगळ्यांसमोर पिशवीतून त्याच गठ्ठ्यातलं कोरं झबलं काढणार — घाल बाळाला, आत्ताच, न धुता, लेबलावर लिहिलंय तसं! मालक 'नको' म्हणून ओरडेल. त्या एका 'नको'साठी जीव आसुसलाय माझा.

नातीचं पेन थांबलं. "आणि नाही ओरडला तर?"

ओरडेल गं. स्वतःचं रक्त आहे.

"त्या बाळाचा काय दोष, आजी?"

माझ्या पणतीचा काय होता? लिही!

लिहिलं तिने. मग म्हणाली, "बरं. झबलं मी बांधून देते." हिलाही चढला वाटतं सूड. आली शेवटी माझ्या वळणावर!

१५ मार्च

ओरडला नाही.

घाम फुटला त्याला, मी बघितला. आधी खरेदीदारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सुनेला म्हणाला, "घाल की! आपलाच माल आहे." टाळ्या! तिने घातलं. वर माझा हात हातात घेऊन म्हणते कशी, "तुमचा फोटो बघूनच मी मैत्रिणींना हीच झबली देते, आजी."

काढ म्हणायला तोंड उघडलं. उघडंच राहिलं — फोटोतल्यासारखं.



१६ मार्च

कारखान्यातून निरोप. मालकाचा नातू ठणठणीत, दिवसभर झबल्यात होता, एक पुळी नाही! वर मालकाचा शेरा — "म्हातारीला म्हणावं, नातीचं दूध तपासून घ्या." धागे कापायचं सगळं खातं हसलं म्हणे.

आधी हुश्श झालं. खरंच झालं. मग अंगाची आग आग. त्याच गठ्ठ्यातलं झबलं, आणि खोटी मी?

दूध तपासा म्हणतो! नात नुसती लिहीत राहिली.

१७ मार्च

आजी दुपारची पडलीय. हे तिने सांगितलेलं नाही, मी नात लिहितेय.

ते झबलं बांधून द्यायच्या आधी मी धुतलं होतं. साबण घातला नव्हता, तरी बादलीभर फेस आला. ते पाणी टाकवेना. बाटलीत भरून ठेवलंय. गठ्ठ्यातली बाकीची झबली तशीच आहेत, न धुतलेली.

आजी उठू दे.